लष्करी भंगारातला मीटर उघडताय? आधी डायल पाहा

भिवंडीच्या भंगार गोदामात जुना लष्करी मीटर हाती लागला, की तो उघडायचा मोह होतोच. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या अनेक डायलवर अंधारात आकडे दिसावेत म्हणून रेडियमचा रंग दिलेला असे. आता चमकत नाही म्हणजे संपला, असे समजू नका. थकते ते रंगातले झिंक सल्फाइड. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे! काच शाबूत असेपर्यंत धोका कमी, रंग खरवडला की धूळ थेट फुफ्फुसात. दिल्लीच्या मायापुरीत २०१० मध्ये भंगारातले कोबाल्ट-६० चे यंत्र असेच उघडले गेले, एकाचा जीव गेला. ते तर लष्करी नव्हे, विद्यापीठातले होते. असा रंग नसलेला वायरलेस सेट जरूर उघडा. मात्र वीज तोडल्यावरही कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट उरू शकतात, ते आधी रेझिस्टर लावून उतरवा.