दारची गाडी – लेखांक ९ : बॅटरीचा लाल दिवा

मागच्या लेखांकात ऑइलच्या दिव्याबद्दल लिहिले होते. या वेळी त्याच्याच शेजारचा, छोट्या डब्यावर अधिक-उण्याची खूण असलेला लाल दिवा. तो लागला की आपल्या भागात पहिले वाक्य निघते ते 'बॅटरी गेली'. चित्रच बॅटरीचे असल्यावर तसे वाटणे साहजिक आहे. मग बीदर जिल्ह्यातल्या मेहकरचा माणूस भालकीला किंवा सीमेपलीकडे महाराष्ट्रात उदगीरला जातो, चार-पाच हजार मोजून नवी बॅटरी बसवून येतो. चार दिवस गाडी ठणठणीत चालते आणि पुन्हा एके सकाळी सेल्फ मारला की नुसते कट्ट-कट्ट. पैसे गेले, बॅटरी नवी, दुखणे जुनेच.

हे टाळता येते, म्हणून हा लेख. तो दिवा बॅटरीची तब्येत सांगतच नाही. गाडी चालू असताना बॅटरीकडे वीज येत आहे की नाही, एवढेच तो सांगतो. वीज तयार करणारे यंत्र म्हणजे अल्टरनेटर. आपल्याकडचे बरेच मिस्त्री त्याला अजून डायनमोच म्हणतात, कारण जुन्या गाड्यांत खरोखर डायनमोच असायचा. डायनमोची अडचण अशी की इंजिन मंद चालू असताना त्यातून फारशी वीज निघत नसे. १९६० साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने आपल्या व्हॅलियंट गाडीला अल्टरनेटर बसवला, आणि पुढे हळूहळू सगळ्या जगाने डायनमो सोडला.

अल्टरनेटरच्या पोटात एक रोटर फिरतो. त्याला फिरवतो इंजिनच्या पुढचा पट्टा. रोटरच्या तांब्याच्या गुंडाळीत थोडा करंट सोडला की त्याचे चुंबक होते, आणि हे चुंबक फिरू लागले की बाहेरच्या स्थिर गुंडाळ्यांत वीज तयार होते. रोटरपर्यंत तो थोडा करंट पोचवतात दोन कार्बन. ही वीज उलट-सुलट दिशेने वाहणारी असते, बॅटरीला ती चालत नाही. म्हणून डायोडच्या प्लेटमधून ती एकाच दिशेची करून घ्यावी लागते. शेवटी रेग्युलेटर, म्हणजे आपल्या मिस्त्रींचा 'कटआऊट'. व्होल्टेज वाढू लागले की तो रोटरचा करंट कमी करतो, घटू लागले की वाढवतो. पट्टा, कार्बन, डायोड, रेग्युलेटर आणि बॅटरीपर्यंतच्या वायरी, या पाचांपैकी कुणीही दगा दिला तरी बहुधा दिवा तोच लागतो.

आता दिवा लागतो कसा ते पाहू, कारण निदानाची अर्धी किल्ली तिथेच आहे. साध्या, जुन्या पद्धतीच्या गाडीत त्या बल्बचे एक टोक चावीमार्गे बॅटरीला आणि दुसरे अल्टरनेटरला जोडलेले असते. एकाच पाइपने जोडलेल्या दोन टाक्यांत पाणी सारख्या उंचीवर आले की प्रवाह थांबतो, तसेच इथे होते. चावी फिरवली, इंजिन बंद आहे, तर अल्टरनेटरच्या बाजूला व्होल्टेज नाही. बॅटरीकडून बल्बमधून करंट वाहतो आणि दिवा लागतो. इंजिन सुरू झाले, अल्टरनेटरने वीज दिली, दोन्ही बाजूंचे व्होल्टेज बरोबरीला आले, की दिवा विझतो. शिवाय रोटरला सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो. त्यामुळे अशा काही गाड्यांत बल्बच उडाला तर अल्टरनेटर धडधाकट असूनही चार्जिंग सुरू होत नाही. चावी फिरवताच हा दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर 'बरे झाले, दिवा गेला' असे समजू नका, दुखणे तिथूनच सुरू होते. नव्या गाड्यांत हे काम कॉम्प्युटर करतो, पण चावी फिरवल्यावर लागणे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझणे हा नियम तोच.

दिवा पूर्ण न लागता मिणमिणत असेल, तर बहुधा एखादा डायोड गेलेला असतो किंवा कुठेतरी जोड सैल असतो. इंजिन मंद असताना लागतो आणि रेस दिली की विझतो, तेव्हा संशय घिसलेल्या कार्बनवर किंवा सैल पट्ट्यावर घ्यावा. पावसात सकाळी गाडी सुरू करताच किंचाळल्यासारखा आवाज येऊन दिवा क्षणभर लुकलुकत असेल तर पट्टाच घसरतो आहे.

रस्त्यात दिवा लागला तर आधी नजर टाका इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडे. हे मी मुद्दाम ठासून सांगतो. अनेक इंजिनांत अल्टरनेटरचा पट्टाच पाण्याचा पंपही फिरवतो. पट्टा तुटला असेल तर चार्जिंगबरोबर इंजिनचे थंड होणेही थांबते, आणि 'गाव जवळच आहे' म्हणून पुढे रेटलेली गाडी हेड गॅस्केटचे बिल घेऊन उभी राहते. काटा चढत असेल किंवा तापमानाचा दिवा लागला असेल तर जागीच थांबा, इंजिन बंद करा.

जुन्या डिझेल गाड्या चालवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्याकडच्या अशा अनेक गाड्यांत ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर बसवलेला असतो. पट्टा गेला की पंपही थांबतो. पहिले दोन-तीन वेळा ब्रेक नेहमीसारखा लागतो, मग पायाखाली दगडासारखा होतो. लाल दिवा आणि घट्ट ब्रेक एकत्र आले तर ती बॅटरीची तक्रार नव्हे, जिवाची आहे. याच पंपाला ऑइल पुरवणारा पाइप किंवा सील गळू लागले तर ऑइल अल्टरनेटरच्या आत उतरते आणि कार्बन खराब करते. असा अल्टरनेटर नुसता कार्बन बदलून दुरुस्त होत नाही. गळती थांबवली नाही तर तो पुन्हा बसतो.

पट्टा जागेवर आहे, इंजिन तापत नाही, तर गाडी काही अंतर जाऊ शकते. किती, याचा हिशेब घाला. लहान पेट्रोल गाडीत ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. इग्निशन, पेट्रोल पंप आणि कॉम्प्युटर मिळून साधारण १० अँपिअर खातात. रात्री ५५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे आणखी ९ अँपिअर, आणि पंखा पूर्ण सोडला तर तेवढेच पुन्हा. बॅटरी चांगली असेल तरी रात्री असे अर्धा-पाऊण तास. दिवसा सगळे बंद ठेवून दीड-दोन तास. म्हणून एसी, पंखा, टेप, मोबाइलचा चार्जर बंद करा आणि मुक्कामी पोचेपर्यंत इंजिन बंद करू नका, कारण पुन्हा सेल्फ लागण्याची खात्री नाही. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत व्होल्टेज उतरले की स्टिअरिंग एकाएकी जड होते, तेव्हा वेग कमी ठेवा. जुना ट्रॅक्टर किंवा साध्या पंपाचे डिझेल इंजिन मात्र एकदा सुरू झाले की जवळजवळ विजेशिवाय चालते. नव्या कॉमन रेल डिझेलला ती सवलत नाही.

आता मीटर. साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो, आणि ज्याच्या दारात गाडी आहे त्याच्याकडे तो असावा असे माझे स्पष्ट मत आहे. तो २० व्होल्ट डीसीवर लावा, लाल टोक बॅटरीच्या अधिकवर, काळे उण्यावर. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. १०.५ च्या आसपासच अडकली असेल तर एक सेल मेला, ती बॅटरी खरोखरच गेली. दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगून आकडा पाहा, तो ९.६ च्या खाली कोसळता कामा नये. मग इंजिन चालू करून थोडी रेस द्या. मीटरने १३.८ ते १४.५ दाखवले तर अल्टरनेटर आपले काम करतो आहे. १२.४ वरच थांबून हळूहळू उतरत असेल तर चार्जिंग होत नाही, मग बॅटरी कालच आणलेली का असेना. आणि आकडा १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला. बॅटरीतले पाणी आटते, सडक्या अंड्यासारखा वास येतो, ज्वालाग्राही वायू सुटतो. अशा बॅटरीजवळ बिडी-काडी नको. कमी चार्जिंगपेक्षा हा बिघाड अधिक धोक्याचा, आणि यात अनेकदा दिवा लागतही नाही.

हेडलाइट आणि पंखा लावून पुन्हा पाहा. १३ च्या वर टिकले पाहिजे. टिकत नसेल तर घाईने अल्टरनेटर उतरवू नका, आधी वायर तपासा. समजा अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर १४.२ आहे आणि बॅटरीच्या अधिक टोकावर १३.१ आहे. मधला १.१ व्होल्ट गेला कुठे? वायरीत, फ्यूजमध्ये किंवा गंजलेल्या टर्मिनलमध्ये. हा फरक पाव व्होल्टच्या आत हवा. तसेच काळे टोक बॅटरीच्या उण्यावर आणि लाल टोक अल्टरनेटरच्या धातूच्या अंगावर लावून पाहा. तिथे फरक दिसला तर अर्थिंगची पट्टी सैल आहे किंवा सडली आहे. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवट पूड खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुऊन, घासून, आवळून घेतली की फुकटात बऱ्या होणाऱ्या गाड्या थोड्या नाहीत. टर्मिनल काढताना उणे आधी, लावताना उणे शेवटी. चालत्या पट्ट्याजवळ उपरणे, ओढणी, पदर काही लोंबू देऊ नका.

एक खोड मात्र सगळ्यांनी मिळून मोडायला हवी. चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढायचे आणि गाडी बंद पडली तर डायनमो खराब, ही जुनी 'टेस्ट' डायनमोच्या काळात खपून जायची. आजच्या गाडीत बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणात ४० च्याही वर उसळू शकते, आणि डायोडसकट कॉम्प्युटर जळतो. कुणी मिस्त्री तुमच्या गाडीवर हे करायला निघाला तर त्याचा हात धरा.

आपल्या मुलखाची दोन कारणे वेगळी सांगण्यासारखी आहेत. पहिले, ऊन. बीदर-कलबुर्गीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी वर. तापमान दहा अंशांनी चढले की बॅटरीतली झीज ढोबळमानाने दुप्पट होते. उन्हाळा तिला मारतो, पण ती मान टाकते पहिल्या थंडीत, आणि दोष थंडीला जातो. दुसरे कारण वराती आणि जत्रांचे. खानापूरच्या मैलारच्या यात्रेला किंवा लग्नाच्या वरातीला निघालेल्या गाडीवर एलईडीच्या पट्ट्या, जादा हॉर्न, मोठा अॅम्प्लिफायर चढतो आणि गाडी दोन-दोन तास पावला-पावलाने, मंद इंजिनवर चालते. ६०-७० अँपिअरचा अल्टरनेटर मंद इंजिनवर त्याच्या निम्म्याच्या आसपास वीज देतो. उरलेली बॅटरीतून जाते, अल्टरनेटर सतत पूर्ण ताकदीने तापतो, डायोड भाजून निघतात. दिवा लागतो तो दुसऱ्या दिवशी. गाडीवर जेवढा बोजा वाढवाल तेवढा अल्टरनेटरही मोठा हवा; तो खर्च नको असेल तर वरातीला जनरेटर घ्या.

स्मार्ट हायब्रिड पेट्रोल गाड्या असणाऱ्यांसाठी वेगळा मुद्दा. त्यांत अल्टरनेटरच्या जागी मोटर जनरेटर युनिट असते, ते वीजही बनवते आणि इंजिनही सुरू करते. डिसेंबर २०१९ मध्ये मारुती सुझुकीने या युनिटच्या तपासणीसाठी सियाझ, एर्टिगा आणि एक्सएल-६ मिळून ६३,४९३ गाड्या परत बोलावल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच कारणासाठी १,८१,७५४ पेट्रोल गाड्या बोलावल्या. त्यांत व्हिटारा ब्रेझा आणि एस-क्रॉसही होत्या, ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या. तपासणी आणि बदल कंपनीच्या खर्चाने होता. दुरुस्ती होईपर्यंत तुंबलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका आणि विजेच्या भागांवर थेट पाणी मारू नका, असेही कंपनीने सांगितले होते. जुनी गाडी हातोहात विकत घेतलेल्यांपर्यंत अशी पत्रे पोचत नाहीत. तुमची गाडी यांपैकी असेल तर चेसिस नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला विचारा. अशा गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, त्यामुळे मीटरवर क्षणभर १२.८ दिसले म्हणून घाबरू नका; हेडलाइट लावून, काही मिनिटे थांबून मग ठरवा.

बॅटरी बदलूच नये असे नाही. तीन-चार वर्षे झालेली, सेल्फला कोसळणारी बॅटरी बदलावीच, कारण सततची रिकामी बॅटरी भरता भरता चांगला अल्टरनेटरही थकतो. फक्त पाकीट काढण्याआधी दुकानदाराला मीटर लावायला सांगा आणि तीन आकडे बिलाच्या मागे लिहून घ्या: बंद गाडीवरचा, सेल्फ मारतानाचा आणि चालू गाडीवरचा. जो दुकानदार मीटर लावायला तयार नाही त्याच्याकडून बॅटरी घेऊ नका.

(पुढील लेखांकात : इंजिन तापते तेव्हा)