एकट्याला खोली मिळेल का?

दिवाळीच्या सुट्टीत गणपतीपुळे, गुहागर किंवा तारकर्लीला राहण्यासाठी फोन लावला, की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "किती जण?" "एकटीच आहे," म्हटले की बोलणे अडते. "नाही ताई, आम्ही फॅमिलीलाच देतो." एकट्या पुरुषालाही बऱ्याचदा हेच ऐकावे लागते. प्रौढ माणसाला तो एकटा आहे म्हणून खोली देऊ नये, असा कायदा आपल्याकडे नाही. प्रथा मात्र घट्ट रुजली आहे आणि हंगामात ती आणखी कडक होते.

यामागे एक कारण भीतीचे आहे. एकटा पाहुणा जिवाचे बरेवाईट करून घेईल आणि आपल्यामागे पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही धास्ती लॉजमालकांच्या मनात असते. दुसरे कारण हिशेबाचे. मे महिना, दिवाळी आणि नाताळ ते नववर्ष एवढ्या दिवसांतच वर्षाची बरीचशी कमाई उरकायची असते. एका खोलीत चौघांचे कुटुंब ज्यादा गादी घेते, दोन्ही वेळा तिथेच जेवते. एकटा माणूस एकच ताट जेवतो. मालकाची अडचण खरी आहे, पण तिचा भुर्दंड एकट्याने फिरणाऱ्यावर पडतो. खोली मिळालीच तर पैसे दोघांचे मोजावे लागतात.

म्हणून खिसा सांभाळून फिरायचे असेल तर खोलीऐवजी खाट शोधावी. ही कल्पना शंभरहून अधिक वर्षांची आहे. जर्मनीतले शिक्षक रिचर्ड शिरमान ऑगस्ट १९०९ मध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत वादळी पावसाने गाठले आणि सगळ्यांना एका गावच्या शाळेत रात्र काढावी लागली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांतून मुलांच्या मुक्कामाची सोय का करू नये, हा विचार त्यांच्या मनात तिथेच आला. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमचे युवा वसतिगृह उभे राहिले. आपल्याकडे यूथ हॉस्टेल्स असोसिएशनने ही चळवळ रुजवली. २०१३ मध्ये 'झॉस्टेल' ही हॉस्टेलची साखळी सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत बॅकपॅकर हॉस्टेल हा प्रकार तरुणांच्या चांगला ओळखीचा झाला. गोव्यात हणजूण, वागातोर, पाळोळे इथे अशी हॉस्टेल्स आहेत.

हॉस्टेलच्या डॉर्ममधली, म्हणजे अनेक खाटांच्या सामायिक खोलीतली, चांगली खाट ओळखायला सोपी असते. तिला पडदा असतो, उशाशी छोटा दिवा आणि चार्जिंगचा प्लग असतो आणि खाली बॅग मावेल एवढा लॉकर असतो. लॉकरचे कुलूप बहुतेक ठिकाणी स्वतःचेच लागते, तेव्हा एक लहानसे कुलूप सोबत असू द्यावे. फक्त महिलांसाठी वेगळी डॉर्म आहे का, तिचे स्वच्छतागृह आतच आहे का, रात्री रिसेप्शनवर कोणी असते का, हे फोन करून विचारावे. पाहुण्यांचे अभिप्राय वाचताना सरासरी गुणांपेक्षा गेल्या दोन-तीन महिन्यांतले शब्द महत्त्वाचे, त्यातही एकट्या राहून गेलेल्या बायकांनी लिहिलेले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गोव्यात खाटेचे दरही चढतात, त्यामुळे रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशी खाट आधी धरून ठेवावी आणि मग तिकिटाच्या मागे लागावे. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुले व्हायचे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवस आधी होते.

कोकणात मात्र हॉस्टेल्स मोजकीच आहेत. तिथे उपयोगी पडते ती फिरतीवरच्या माणसांची वाट. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, सेल्समन, कोर्टकचेरीच्या कामाला आलेले लोक वर्षभर एकेकटेच फिरतात आणि एसटी स्टँडजवळच्या लॉजवर उतरतात. या लॉजवाल्यांना एकट्या माणसाचे नवल नसते. गणपतीपुळ्याला जागा नसेल तर रत्नागिरीत राहावे. आरे-वारेच्या किनारी रस्त्याने अंतर पंचवीसेक किलोमीटर आहे. गुहागरसाठी चिपळूण आणि तारकर्लीसाठी मालवण शहर सोयीचे. समुद्र खिडकीतून दिसत नाही, पण सकाळच्या गाडीने तिथे पोहोचता येते. शिवाय १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट लागते. चार किंवा सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' हा पासही आहे, आणि रोज नव्या गावाला जाणाऱ्यासाठी तो फायद्याचा ठरतो.

एका रात्रीपुरती सोय हवी असेल तर रेल्वेच्या रिटायरिंग रूम आणि डॉर्मिटरीकडे पाहावे. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असेल तर पीएनआर क्रमांकावर त्या ऑनलाइन मिळतात. मुंबई सेंट्रल स्थानकात २०२१ मध्ये पॉड हॉटेल, म्हणजे झोपण्यापुरत्या छोट्या कप्प्यांचे हॉटेल, सुरू झाले, तेही एकट्या माणसाला सोयीचे. देवस्थानांची भक्तनिवासे स्वस्त आणि बहुधा स्वच्छ असतात. एकट्याला खोली द्यायला तीही अनेकदा नकार देतात, पण बऱ्याच ठिकाणी सामुदायिक सभागृहात गादी आणि लॉकर मिळतो.

सध्या सगळ्यात जास्त जपायचे ते आगाऊ पैसे भरताना. खोलीसाठी जीव टांगणीला लागलेला असतो, आणि ठग नेमके तेच हेरतात. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने बनावट बुकिंग संकेतस्थळांबद्दल इशारा दिला, त्यात केदारनाथच्या हेलिकॉप्टरबरोबर सोमनाथच्या अतिथीगृहांचेही नाव होते. "दोनच खोल्या उरल्यात, लगेच पैसे टाका" असा तगादा लागला की थांबावे, नकाशावरून शेजारच्या दुकानाचा नंबर काढून चौकशी करावी. फसगत झालीच तर तत्काळ १९३० वर तक्रार नोंदवावी. ओळखपत्र म्हणून मास्क केलेले आधार पाठवावे, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. सांगितलेला दर करासह आहे का, हेही विचारून घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे.

तारखा पुढेमागे करता येत असतील तर तुळशीची लग्ने आटोपल्यापासून २० डिसेंबरपर्यंतचे दिवस गाठावेत. किनाऱ्यावरची गर्दी ओसरलेली असते, हवा उत्तम असते आणि सोमवार ते गुरुवार खोल्या रिकाम्या असतात. हंगामात "फॅमिलीलाच" म्हणणारा मालक तेव्हा एकट्याचा दरही सांगतो. पण हा दर हंगामातही असायला हवा. शहरांत नोकरदार आणि विद्यार्थी वर्षानुवर्षे 'कॉट बेसिस'वर राहत आले आहेत. कोकणातल्या घरगुती निवासांनी एखादी मोठी खोली चार खाटा टाकून याच पद्धतीने दिली, तर चार एकट्यांचे मिळून तिचे भाडे कुटुंबाच्या भाड्याइतके सहज होईल आणि ताटेही चारच लागतील.