येझदी: घरानं जगवलेली गाडी

म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. पुढची 22 वर्षं जावा किंवा येझदी या नावाची एकही नवी मोटारसायकल भारतात तयार झाली नाही. 2018 मध्ये क्लासिक लेजेंड्स कंपनीनं जावा हे नाव बाजारात परत आणलं, पण त्या गाडीचं इंजिन फोर-स्ट्रोक आणि पाण्यानं थंड होणारं होतं. जुन्या गाडीशी तिचं नातं दिसण्यापुरतंच. म्हणजे जुन्या जावा-येझदीच्या मागे ना कंपनी उरली होती, ना शोरूम, ना सुट्या भागांचा अधिकृत पुरवठा. व्यवहाराच्या हिशेबानं या गाड्या दहा-पंधरा वर्षांत भंगारात जायला हव्या होत्या. तरीही दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी, आंतरराष्ट्रीय जावा-येझदी दिनाला, पुण्या-मुंबईपासून बंगळुरू-म्हैसूरपर्यंत त्या रस्त्यावर येतात, आणि एरवीच्या रविवारीही सकाळी ताम्हिणी, लोणावळा, वाईच्या रस्त्यांना लागतात. त्यांना जगवलं कुणी? हौशी माणसांनी, असं उत्तर सहज दिलं जातं. ते अपुरं आहे. या गाड्या घरांनी जगवल्या आहेत. रविवारची राइड म्हणजे बायकामुलांपासून चार तासांची सुटका, असा एक समज आहे. इतर गाड्यांबाबत तो खरा असेलही, पण येझदीबाबत तो टिकत नाही, आणि त्याचं कारण या यंत्राच्या घडणीतच सापडतं.

मूळ गाडी चेक. फ्रान्टिशेक यानेचेक या शस्त्रास्त्रं बनवणाऱ्या उद्योजकानं 1929 मध्ये जावा सुरू केली. मुंबईचे रुस्तम आणि फारोख इराणी आधी या गाड्या आयात करत. आयातीवर निर्बंध आल्यावर त्यांनी म्हैसूरला कारखाना काढला आणि 1961 पासून तिथं जावा 250 बनू लागली. 1973 पासून तिचं नाव येझदी झालं, 1978 मध्ये रोडकिंग आली. नावं बदलली, पण सांगाडा फारसा बदलला नाही: अडीचशे सीसीचं एक सिलिंडर, त्याला दोन एक्झॉस्ट आणि दोन्ही बाजूंना एकेक लांब सायलेन्सर. चेन पूर्णपणे पत्र्याच्या पेटीत बंद, त्यामुळे धूळ नाही आणि मागे बसणाऱ्याच्या कपड्याला ग्रीस नाही. लांब सीट, मजबूत चेसिस. भारतीय घरानं या गाडीला लगेच आपलं केलं. आपल्याकडे मोटारसायकलला मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण आणि मागे बसणाऱ्याला धरायला दांडा हवा, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतच (नियम 123) लिहिलेलं आहे. चाकावरच्या या संरक्षणालाच आपण साडी गार्ड म्हणतो. मागे साडी नेसलेली बाई बसणार, हे या देशात कायद्यानंसुद्धा गृहीत धरलेलं आहे. एकट्या मर्दाचं वाहन ही मोटारसायकलची प्रतिमा जाहिरातींची. रस्त्यावरची मोटारसायकल आधीपासूनच कुटुंबाची होती.

आता जरा इंजिनाजवळ बसून पाहू. डाव्या पायाशी एकच दांडी असते. ती आत दाबून उभी केली की किक होते. इंजिन सुरू झालं की तीच पुढे आडवी करायची आणि तिच्यानंच गिअर टाकायचे. शिवाय गिअर टाकताना पायाच्या दाबानंच क्लच सुटतो, त्यामुळे हातानं क्लच न दाबताही गिअर बदलता येतो. ज्याला हे माहीत नाही तो कितीही पटाईत चालक असो, त्याला ही गाडी सुरूसुद्धा करता येत नाही. पेट्रोलचंही तसंच. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनाला तेल वेगळं मिळत नाही, ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, लिटरमागे साधारण 40 ते 50 मिलि. विसरलात तर पिस्टन जाम. जास्त घातलंत तर प्लग काळा आणि सायलेन्सरमध्ये कार्बन. घाट उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवला, तर पेट्रोलबरोबर तेलही थांबतं आणि इंजिन कोरडं फिरतं. म्हणून वरंध्यासारख्या लांब उतारावर जाणता चालक मधूनमधून थोडी रेझ देत राहतो. यातलं काहीही गाडीवर लिहिलेलं नसतं. घरात दोघं गाडी चालवत असतील, तर हे दोघांनाही ठाऊक असावं लागतं. कुणीतरी कुणाला तरी शिकवल्याशिवाय ही गाडी एका हातातून दुसऱ्या हातात जाऊच शकत नाही.

माझा मुद्दा इथं उभा आहे. 1984 ते 1986 या दोन-तीन वर्षांत भारत-जपान भागीदारीतल्या शंभर सीसीच्या गाड्या एकामागून एक आल्या. त्यांतल्या हिरो होंडा सीडी 100 ची जाहिरातच होती: पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. मध्यमवर्गाला ते वचन हवंच होतं आणि ते खरंही ठरलं. लिटरमागे कितीतरी जास्त किलोमीटर, देखभाल नावापुरती. येझदीला या स्पर्धेनं मारलं आणि ते न्याय्यच होतं, कारण रोज सकाळी कामावर जाणाऱ्याला प्लग साफ करत बसायला वेळ नसतो. पण विसरता येणारी गाडी दहा वर्षांनी विकली जाते आणि घरातल्या कुणालाही तिचं काही वाटत नाही. येझदीला विसरता येत नाही. तिला आठवड्याला तासभर कुणीतरी द्यावाच लागतो. पॉइंटची फट मोजायची, कार्ब्युरेटर उघडायचा, सायलेन्सरच्या आतली नळी काढून कार्बन खरवडायचा. शनिवारी संध्याकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये हे काम चालू असतं तेव्हा पाना देणारा, बॅटरी धरणारा, नट वाटीत ठेवणारा एक जण लागतो, आणि तो बहुधा घरातलाच असतो. पुण्याच्या नाना पेठेत किंवा रविवार-बुधवारच्या जुन्या बाजारात भाग शोधत फिरायलाही सोबत लागते. रविवारच्या दोन-तीन तासांच्या राइडमागे आठवड्याचं असं घरकाम असतं. या अर्थानं ती छंदापेक्षा घरातल्या लोणच्या-पापडांच्या जवळची आहे: वेळ लागतो, हात लागतात आणि पद्धत घरातच उतरते.

यावर पहिला आक्षेप बायकांकडून यायला हवा, आणि तो रास्त आहे. रविवारी नवरा सहाला राइडला निघाला की पाणी, नाश्ता, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं कुणाच्या वाट्याला येतात? गाडीचं घरकाम हे नटवं घरकाम आहे. खरं घरकाम स्वयंपाकघरात पडून राहतं. हे नाकारण्यात अर्थ नाही. माझं उत्तर एवढंच की गाडी घरानं जगवली असं म्हणायचं, तर तिच्यावरचा हक्कही घराचा हवा. ज्या घरांत येझदी खरोखर टिकते तिथं रविवार वाटलेले असतात. एक रविवार लांबच्या राइडचा, एक जोडीनं जाऊन नऊच्या आत परत येण्याचा, एक गाडी जागेवरून न हलण्याचा. मुलीलाही किक मारायला शिकवलेलं असतं. जिथं असं नाही तिथं ती एका पुरुषाची हौस असते, आणि त्याचं मन उडालं की गाडी ताडपत्रीखाली जाते. वाटणी हा इथं निव्वळ सौजन्याचा प्रश्न नाही, गाडी पुढच्या पिढीत जाणार की नाही हे तिच्यावरच ठरतं.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो सर्वांत जड आहे. 2022 मध्ये भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यांत सुमारे 44.5 टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट नसल्यामुळे 50,029 जण गेले आणि त्यांतले 14,337 मागे बसलेले होते. त्या मागच्या सीटवर कोण बसतं, हे सांगायला नको. त्यात जुन्या येझदीचे ब्रेक ड्रमचे, दिवा मंद. ‘आम्ही सावकाश चालवतो’ हे उत्तर पुरेसं नाही. कुटुंबाची गाडी म्हणायची तर कुटुंबाचे नियम पाळावे लागतात: दोघांनाही पट्टा लावलेलं आयएसआय हेल्मेट, अंधार पडण्याआधी घर, द्रुतगती मार्गाचा विचारही नको. कायद्यानं मागे एकच माणूस बसू शकतो, त्यामुळे टाकीवर मूल, मागे आई हे जुन्या अल्बममधलं चित्र तिथंच राहू द्यावं. चार वर्षांखालच्या मुलाला नेताना हेल्मेट, चालकाला बांधणारा पट्टा आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा, असा नियम 2022 मध्ये अधिसूचित झाला आणि एका वर्षानं लागू झाला. जावा-येझदीच्या गटांनी हे नियम राइडची अट म्हणून लावले पाहिजेत. नसेल पाळायचं, तर त्यानं येऊ नये.

धुराच्या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही. टू-स्ट्रोकमध्ये न जळलेल्या पेट्रोलचा काही भाग थेट बाहेर जातो, आणि उत्तम तेलानं निळा धूर कमी झाला तरी तो दोष जात नाही. रोज वापरायला ही गाडी आज योग्य नाही. महिन्यातून दोन-चार सकाळी चालणाऱ्या मोजक्या गाड्यांचा भार शहरावर किती, हे मात्र रोजच्या वाहतुकीशी ताडून पाहावं.

मग तिला संग्रहातच का ठेवू नये? 2021 च्या व्हिंटेज वाहन नियमांनी ती वाट उघडली आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला 20,000 रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती यांपलीकडे रस्त्यावर नेता येत नाही. म्हणजे बायकोला मागे बसवून सिंहगडाच्या पायथ्याशी पिठलं-भाकरी खायला जाणं बंद. दुर्मीळ, मोडीत निघालेल्या गाड्यांसाठी ही सोय चांगली आहे. चालत्या येझदीसाठी मला ती चुकीची वाटते, कारण वापर थांबला की शिकवणं थांबतं. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, महाराष्ट्रातला हरित कर, विमा, पीयूसी हा खटाटोप करून तिला साध्या नोंदणीवर ठेवणंच बरं.

अशा कितीतरी गाड्यांचं आरसी बुक अजून वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतं. मालकाच्या मृत्यूनंतर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, असा नियम आहे. बहुतेक घरांत दुःखाच्या त्या दिवसांत हे सुचत नाही आणि मग वर्षानुवर्षं राहूनच जातं. अपघात झाला तर हाच राहून गेलेला कागद विम्याच्या आड येतो. तुमच्याकडे जिन्याखाली अशी एखादी येझदी उभी असेल, तर मेकॅनिककडे नंतर जा. आधी भावाबहिणींना एकत्र बसवा, ती कुणाच्या नावावर करायची ते ठरवा आणि आरटीओचा अर्ज भरा.