जहाजावर आपली बाटली

सहलीच्या जहाजावर आपल्या पसंतीची वाइन बरोबर नेता येते काय, असा प्रश्न वसई-विरारच्या पुष्कळ घरांतून अलीकडे विचारला जातो. मुंबई बंदरातून अशी जहाजे सुटू लागली, परदेशी जहाजांवर नोकरी करणारी आपली मुले आईवडिलांना एखादी सफर घडवू लागली. तेव्हा हा प्रश्न आता नुसत्या चौकसपणाचा राहिलेला नाही. ज्यांना मद्याचे वावडे आहे त्यांनीही पुढील विवेचन ऐकावयास हरकत नाही. त्यात पिण्याचा भाग थोडा, इतिहासाचा व रसायनाचा अधिक आहे.

सरळ उत्तर असे, की बहुतेक मोठ्या कंपन्या वाइन थोडीशी नेऊ देतात आणि व्हिस्की, रम, ब्रँडी मुळीच नेऊ देत नाहीत. दर प्रौढ प्रवाशामागे ७५० मिलिलिटरची एक बाटली, तीही चढण्याच्या दिवशी, हातातील सामानात आणि बूच न उघडलेली, हा पुष्कळ ठिकाणचा प्रघात आहे. ती खोलीत प्यावी. भोजनगृहात मागविली तर बूच काढण्याचे शुल्क द्यावे लागते. वाटेतल्या बंदरात घेतलेली बाटली बहुधा काढून घेऊन ठेवतात आणि सफर संपताना परत करतात. यामागे शिस्त व सुरक्षितता आहेच. पण जहाजाची मिळकत बऱ्याच अंशी त्याच्या बारमधून होते, हेही उघड गुपित आहे.

खरी मौज पुढेच आहे. पोर्ट, शेरी, मदेइरा या वाइनमध्ये द्राक्षांपासूनच काढलेला कडक अर्क मिसळलेला असतो. साध्या वाइनमध्ये मद्यार्क शेकडा १२ ते १४, तर यांच्यात १५ पासून २२ पर्यंत. मग ही वाइन म्हणावी की दारू? नियमात पुष्कळदा ‘वाइन किंवा शॅम्पेन’ एवढेच शब्द असतात, आणि बाटली पाहून निर्णय करणारा असतो धक्क्यावरचा तपासनीस. ज्या वाइनला आज जहाजाच्या दारात अडविले जाण्याची भीती, तिला हे रूप मुख्यतः जहाजाच्या प्रवासासाठीच मिळाले, ही गोष्ट मोठी गमतीची आहे.

ती समजण्यासाठी वसईच्या किल्ल्यापाशी यावे लागते. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेईपर्यंत हे गाव लिस्बनच्या दर्यावर्दी मार्गाशी जोडलेले होते. लिस्बनहून मार्च-एप्रिलात निघालेले गलबत सुमारे सहा महिन्यांनी गोव्यास पोहोचे. वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे. पिंपातले पाणी सडे, म्हणून खलाशांच्या शिध्यात बिस्किटांबरोबर वाइनही असे. पण तीही उष्णतेने आंबून शिरका होण्याचा धोका असे. इकडे वसईच्या चर्चमध्ये मिस्सा व्हायची तर द्राक्षांचीच वाइन पाहिजे, आणि आपल्या खाऱ्या किनाऱ्यावर आंबा, केळी, ताड पिकतील, वाइनजोगे द्राक्ष पिकत नाही. तेव्हा समुद्राकडे डोळे लावून बसण्याखेरीज गत्यंतर नव्हते.

अर्क मिसळण्याची युक्ती येथे कामी आली. मद्यार्क शेकडा अठराच्या आसपास गेला, की किण्व व शिरका करणारे जंतू तग धरू शकत नाहीत. किण्वन अर्ध्यावर असतानाच अर्क घातला तर साखरही उरते. पोर्टची गोडी त्यातली. मदेइरा बेटाच्या वाइनची तर वेगळीच तऱ्हा. उष्ण कटिबंधातून हेलकावे खात, तळघरात तापत जाऊन ती बिघडण्याऐवजी सुधारते, असे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले. अठराव्या शतकात तिच्यात अर्क घालण्याची चाल रूढ झाली, आणि मुद्दाम फेरी मारून आणलेल्या पिंपांना अधिक मोल येऊ लागले. पुढे जहाजाऐवजी तापविलेल्या कोठ्यांतून तेच काम करून घेऊ लागले. इंग्रज कंपनीच्या अधिकाऱ्यांना दर्जाप्रमाणे काही टन खासगी माल नेण्याची सवलत असे. हिंदुस्थानकडे येताना त्या जागेत मदेइराची पिंपे भरणे हा चांगला किफायतीचा धंदा होता. ‘आपली वाइन बरोबर नेणे’ ही प्रथा एवढी जुनी आहे!

रोमच्या धर्मपीठानेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा व्यवहार ओळखला. मिस्सेची वाइन टिकावी म्हणून तिच्यात द्राक्षांचाच अर्क, सुमारे १८ टक्क्यांच्या मर्यादेत, घालण्यास त्याने मुभा दिली. विमानवाहतुकीचे नियम तर आणखी सोपे : २४ टक्क्यांपर्यंतचे मद्य प्रवाशाच्या सामानात धोकादायक मानले जात नाही. म्हणजे पोर्ट विमानात वाइन, आणि जहाजावर संशयित!

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की पोर्ट किंवा शेरी न्यावयाची असेल तर तिकिटाच्या अटी वाचून कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे, आणि बाटलीवरील नावापेक्षा टक्क्यांचा आकडा पाहावा. आपल्याकडे नाताळात द्राक्षांची, जांभळांची, मनुकांची वाइन घरोघरी करतात. तिला ना कंपनीचे बूच, ना लेबल. ती कितीही उत्तम असली तरी धक्क्यावर तिची डाळ शिजणार नाही.

जहाजाच्या नियमाखेरीज देशाचा कायदाही आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचे नाव बदलले, तरी महाराष्ट्रात मद्य बाळगण्यास, नेण्यास व पिण्यास परवाना लागतो. परदेशाहून परतणाऱ्यास २०१६ च्या नियमांनी २ लिटर मद्य जकातीशिवाय आणण्याची सवलत दिली. परंतु मुंबई-गोवा-मुंबई ही सफर देशातल्या देशात असते; तेथे ही सवलत नाही. गोव्यात स्वस्त मिळाली म्हणून आणलेली बाटली परवान्याविना मुंबईच्या धक्क्यावर उतरविली, तर जहाजाच्या तपासनीसाऐवजी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या शिपायाशी गाठ पडते, आणि तो ती सफर संपल्यावर परत देत नाही.