डब्लिनच्या पाट्या आणि आपली बोली

चिकोडीच्या बसस्टँडवर उतरलं की पाट्या वाचायच्या, ही माझी लहानपणापासूनची सवय. कन्नड अक्षरं शाळेनं शिकवली, मराठी आजीनं. सीमाभागातल्या माणसाचं पाटीवर बारीक लक्ष असतंच. शिकायला आयर्लंडला गेलो तेव्हा ही सवय सोबत आली आणि तिच्यामुळंच डब्लिन शहर मला जरा वेगळं दिसलं.

पहिल्याच रविवारी मी पायी शहर दाखवणाऱ्या एका गटात सामील झालो. याची पद्धत सोपी आहे. ठरलेल्या वेळी एका चौकात जमायचं, वाटाड्या दोन-अडीच तास चालत शहर समजावून सांगतो आणि शेवटी आपण खुशीनं पैसे द्यायचे. आम्ही जमलो ओकॉनेल स्ट्रीटवरच्या ‘स्पायर’ या १२० मीटर उंच पोलादी सुळक्यापाशी. वाटाडी कॉर्ककडची तरुण मुलगी होती. सोबत वेल्सचे एक निवृत्त मास्तर, इंग्रजी शिकायला आलेली ब्राझीलची विद्यार्थिनी आणि केरळची एक नर्स. मी ‘मराठी’ म्हटल्यावर कुणाला काही उमगेना. मग सांगितलं, ‘तुमचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर आहेत ना, त्यांच्या वडिलांकडचं मूळ गाव वराड, मालवण तालुक्यातलं. तिथली भाषा.’ ओळख पटली!

स्पायरच्या शेजारीच जनरल पोस्ट ऑफिस आहे. १९१६ च्या ईस्टरच्या उठावात बंडखोरांनी हेच ताब्यात घेतलं आणि इथूनच स्वतंत्र प्रजासत्ताकाची घोषणा केली. दर्शनी खांबांवर गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात. पुढं लिफी नदीच्या काठानं चालत गेलं की दुष्काळाचं स्मारक लागतं. हाडांचे सापळे झालेली, बोचकी उराशी धरून बंदराकडं निघालेली माणसं. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि साधारण तितकीच देश सोडून गेली. बेटाची लोकसंख्या अजूनही दुष्काळाआधीच्या आकड्याला पोचलेली नाही. तिथं आमच्यातलं कुणीच बोललं नाही.

परतताना मी विचारलं, ‘रस्त्याच्या प्रत्येक पाटीवर वर एक भाषा आणि खाली इंग्रजी. वरची कोणती?’ ‘आयरिश,’ ती म्हणाली. शहराच्या मध्याकडं जाणाऱ्या बसवरसुद्धा ‘आन लार’ असं आयरिशमध्ये लिहिलेलं असतं. १९३७ च्या राज्यघटनेनं आयरिशला पहिल्या राजभाषेचा मान दिलाय आणि शाळेत ती सगळ्यांना शिकवतात. मी म्हटलं, ‘मग बोला की जरा!’ ती हसली. ‘शाळेत तेरा-चौदा वर्षं शिकले. पण आजी बोलायची तसं येत नाही.’

ही गोष्ट तिच्या एकटीची नव्हे. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७० हजार लोकांनी आयरिश येते असं सांगितलं. पण शाळेबाहेर रोज ती बोलणारे निघाले जेमतेम ७२ हजार. असं का झालं? एक तर राज्य इंग्रजांचं, म्हणून कचेरी आणि नोकरी इंग्रजीत. १८३१ पासून सुरू झालेल्या सरकारी शाळाही इंग्रजी माध्यमाच्या. त्यात दुष्काळाचा घाला सगळ्यात जास्त पडला तो पश्चिमेकडच्या आयरिश बोलणाऱ्या गरिबांवर. पण मला सगळ्यात जास्त लागली ती काठीची गोष्ट. मुलाच्या गळ्यात एक लहान काठी बांधायची. तो आयरिश बोलला की तिच्यावर एक खाच पाडायची आणि खाचा मोजून मास्तरांनी शिक्षा करायची. यात कित्येक आईबापांचीही संमती असे, कारण पोराला अमेरिकेत पोट भरायचं होतं. वेल्सचे मास्तर म्हणाले, ‘आमच्याकडं लाकडाचा तुकडा असायचा.’ नर्सताई हळूच म्हणाल्या, ‘माझी मुलगी मल्याळम समजते, पण उत्तर इंग्रजीत देते.’

मी गप्प झालो. आमच्या घरी भाचा ‘मामा, वॉटर दे’ म्हणतो तेव्हा आपण सगळे कौतुकानं हसतो. गळ्यात काठी नाही, मारणारं कुणी नाही, तरी शब्द चाललेत.

पाटीला किंमत नाही असं मी म्हणत नाही. पाटीवर भाषा असली की ‘हे गाव आपलंही आहे’ असं वाटतं आणि तो हक्क आहेच. पण डब्लिननं मला दाखवलं की पाटी जिंकूनही बोली हरू शकते. तिथली माणसं आता उलटी वाट चालताहेत. शहरांतून आयरिश माध्यमाच्या शाळा निघाल्यात आणि हौसेनं मुलं घालणारे पालकही आहेत. गेलेली भाषा परत आणायला किती पिढ्या लागतात, ते त्यांना विचारावं. आपली अजून गेलेली नाही.

शेवटी आम्ही चहाला बसलो. तिथला चहा आपल्यासारखाच कडक, दूध घातलेला. रात्री आईचा फोन आला, ‘काय बघितलंस रं?’ म्हटलं, ‘पाट्या.’ ‘त्या काय हितं न्हाईत व्हय?’

आहेत की. म्हणून मंडळातल्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. या सुट्टीत घरातल्या थोरल्या माणसांपाशी बसा आणि त्यांच्या बोलण्यातले दहा शब्द लिहून आणा. कन्नडातून आलेले ‘अण्णा’, ‘अक्का’, ‘अडकित्ता’ असले तरी चालतील, तेही आपलेच. लिहून झाले की ते वापराही. वहीत राहिलेला शब्दसुद्धा पाटीवरच्या शब्दासारखाच असतो.