समोर कुणीच नसताना

माझं पहिलं ऑनलाइन व्याख्यान मे २०२० मधलं. आयोजक सांगत होते की साडेतीनशे लोक ऐकतायत. मला दिसत होती ती माझीच काळी आकृती, कारण मी खिडकीकडे पाठ करून बसलो होतो. पहिल्या विनोदानंतर सवयीने थांबलो. हशा आलाच नाही. लोकांना कळला नसावा, म्हणून तोच विनोद समजावूनही सांगितला!

तोवरची वीस वर्षं सभागृहांत गेली होती. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपल्याकडचा वक्ता श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर पोसला गेलाय. तिसऱ्या रांगेतल्या आजोबांनी मान डोलावली की आवाज चढतो, कुणी जांभई दिली की किस्सा बाहेर येतो. तो आत्मविश्वास माझा नव्हताच, समोरच्यांकडून उसना घेतलेला होता. हे कळायला टाळेबंदी यावी लागली.

गडबडलेला मी एकटा नव्हतो. झूमवर डिसेंबर २०१९ मध्ये दिवसाला फार तर एक कोटी सहभागी असत. एप्रिल २०२० मध्ये तो आकडा तीस कोटींवर गेला. एवढ्या माणसांना कॅमेऱ्यापुढे बसायला शिकवणार कोण?

मला त्या काळातल्या फेसबुक लाइव्हवरून थोडं उमगलं. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री म्हणून बोलायचे तेव्हा शिवाजी पार्कचा आवाज घरी ठेवून यायचे. राजकारण बाजूला ठेवू, पण समोर लाख माणसं नसून एक घर आहे, हे त्या बोलण्याला ठाऊक होतं. २९ जून २०२२ रोजी राजीनामाही त्यांनी तिथूनच जाहीर केला. एका घराशी बोलणं रेडिओवाल्यांना जुनंच. मी मात्र माइक दिसला की सभा गृहीत धरायचो.

मग घरात डबे हलले. लॅपटॉपखाली पोह्यांचा आणि रव्याचा डबा आला, कारण कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत नसला की ऐकणाऱ्याला आपल्या नाकपुड्या बघत बसावं लागतं. खिडकी समोर घेतली. भारी कॅमेरा घेणार होतो, पण चित्र अडखळलं तरी लोक थांबतात, आवाज खरखरला की उठून जातात. तेव्हा पैसे माइकवर घातले. लेन्सशेजारी बहिणीचा फोटो चिकटवला आणि तिच्याशी बोलू लागलो. पहिली दोन मिनिटं पाठ. थेट प्रक्षेपण श्रोत्यापर्यंत काही सेकंद उशिरा पोचतं, म्हणून प्रश्न विचारून गप्प बसायचं नाही. बोलत राहायचं, उत्तरं मागाहून येतात.

वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा, याची मात्र लाज वाटली नाही. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायला जीन्सवरच साडी गुंडाळून बसायच्या, असं सांगतात.

सभागृहं उघडली, पण कॅमेरा गेला नाही. गेल्या वर्षी एका व्याख्यानाला समोर दीडशे माणसं आणि पडद्यापलीकडे न्यू जर्सी, दुबईतली काही मराठी घरं होती. मी रंगात येऊन बोलत होतो. वीसेक मिनिटांनी पहिल्या रांगेतल्या बाईंनी चिठ्ठी पाठवली: ‘अधूनमधून आमच्याकडेही बघा.’