पटकीचे बळी आणि कागदावरचा ‘गॅस्ट्रो’

माणूस मेला हे कोर्टात सिद्ध करायला फार वेळ लागत नाही. तो कशाने मेला हे सिद्ध करताना मात्र वकिलाचा घाम निघतो. काही वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता एका वस्तीतली बाई आमच्याकडे आली. नवरा नाक्यावर उभा राहून मिळेल ते काम करणारा. रात्री जुलाब-उलट्या सुरू झाल्या, पहाटे हातपाय गोळा व्हायला लागले, दवाखान्यात नेईपर्यंत डोळे खोल गेले होते. दुपारी तो गेला. वस्तीला येणारी पाण्याची पाइपलाइन नाल्यातून जाते आणि ती फुटलेली आहे, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होते. बाईच्या हातात केसपेपर होता. त्यावर लिहिले होते ‘तीव्र अतिसार, निर्जलीकरण’. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या होत्या, ‘गॅस्ट्रोची लागण’. शौचाचा नमुना प्रयोगशाळेत गेलाच नव्हता. आम्ही नुकसानभरपाईसाठी अर्ज केला, तेव्हा समोरून उत्तर आले की कॉलऱ्याचा एकही रुग्ण नोंदलेला नाही, सबब दूषित पाण्याचा प्रश्न उद्भवत नाही. उत्तर खोटे होते असे आम्ही म्हणू शकत नाही. तपासलेच नाही तर नोंद होणार कुठून?

‘गॅस्ट्रो’ हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांनी आणि आरोग्य खात्यांनी इतका रुळवला आहे की त्यात वावगे काही वाटेनासे झाले आहे. वास्तविक पाहता गॅस्ट्रो हे रोगाचे नाव नव्हे, ते लक्षणांचे वर्णन आहे. आपल्या आज्या-पणज्यांकडे यापेक्षा नेमका शब्द होता, पटकी. मरीआई कोपली म्हणजे पटकी आली. मग देवीला गाड्यात बसवायचे, वाजतगाजत गावाच्या शिवेपर्यंत न्यायचे आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडून यायचे. हे काम कोणाकडे होते, मरीआईचे ठाणे कोणाच्या वस्तीला लागून होते, प्रेते कोणी उचलली, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. १९५६ नंतर आपण मरीआई सोडली. परंतु गाडा शिवेबाहेर ढकलण्याची रीत काही संपली नाही. ती आता सरकारे पाळतात, फक्त गाड्यावर देवीऐवजी आकडे असतात.

आकड्यांकडे वळण्यापूर्वी रोगाविषयी थोडे सांगितले पाहिजे. कॉलऱ्याचा जंतू पोटात गेलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही किंवा साधे जुलाब होतात. थोड्या जणांच्या अंगातले पाणी मात्र काही तासांत वाहून जाते आणि उपचार मिळाला नाही तर अशा रुग्णांपैकी निम्म्यापर्यंत दगावतात. उपचार वेळेवर मिळाला तर शंभरात एकही मरू नये, असा हा रोग आहे. उपचार तरी काय? साखर, मीठ आणि स्वच्छ पाणी; फार झाले तर सलाईन आणि प्रतिजैविक. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धातून पळून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडचे सलाईन संपले. त्यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्याच हाती दिले आणि छावणीतला मृत्यूदर तीस टक्क्यांच्या आसपास होता तो चार टक्क्यांखाली आला. जंतूचे विष नेमके कसे काम करते हेही त्याआधी १९५९ मध्ये कलकत्त्याच्याच डॉ. शंभूनाथ डे यांनी दाखवले होते. म्हणजे या रोगाने आज एखाद्या देशात शंभरातले चार-पाच रुग्ण मरत असतील, तर तिथे पाणी, रस्ता, दवाखाना आणि सरकार यांपैकी काहीतरी पोचलेले नाही, एवढे निश्चित समजावे.

आता जगात दरवर्षी किती माणसे कॉलऱ्याने मरतात? येथे दोन वेगवेगळे आकडे आहेत आणि दोन्ही छापील आहेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आणि अजूनही सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या अंदाजानुसार ६९ देशांत मिळून वर्षाला सुमारे २९ लाख रुग्ण आणि ९५ हजार मृत्यू. दुसरा आकडा देशांनी स्वतः जागतिक आरोग्य संघटनेला कळवलेला. २०२३ साली ४५ देशांतून सुमारे ५ लाख ३५ हजार रुग्ण आणि चार हजारांवर मृत्यू. २०२४ साली ६० देशांतून सुमारे ५ लाख ६० हजार रुग्ण आणि सहा हजारांवर मृत्यू. ९५ हजार कुठे आणि सहा हजार कुठे! मधली माणसे गेली कुठे?

अंदाजाचीही उलटतपासणी झाली पाहिजे, तो देवाचा शब्द नव्हे. ९५ हजार या आकड्याची खालची मर्यादा २१ हजार आणि वरची १ लाख ४३ हजार आहे. असा साक्षीदार आम्ही पिंजऱ्यात उभा केला असता तर न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिले असते. हा हिशेब होतो तो असा : ज्या देशात कॉलरा मुरलेला आहे तिथे शौचालयाची नीट सोय नसलेले लोक किती, ते मोजायचे आणि त्याला लागणीच्या दराने गुणायचे. हा दर येतो काही मोजक्या ठिकाणी घरोघर लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासांतून. मोझांबिकमधले बैरा, इंडोनेशियातले जकार्ता आणि आपल्याकडची कोलकात्याची झोपडपट्टी. कोलकात्यात तो दर हजारी दीडच्या थोडा वर निघाला. भारतासाठी जो अंदाज निघतो, वर्षाला पावणेसात लाखांच्या आसपास रुग्ण आणि वीस हजारांच्या आसपास मृत्यू, तो मुख्यत्वे एका शहरातल्या वस्त्यांच्या हाडामांसावर उभा आहे. आणि भारताने त्या काळात अधिकृतपणे कळवलेले रुग्ण? कधी काही शे, कधी काही हजार. आम्हाला विचाराल तर अंदाज कच्चा आहे, पण त्याने निदान बघण्याचा प्रयत्न केला. अधिकृत आकड्याने डोळेच मिटले.

सरकारे आकडा का लपवतात याचे उत्तर पेरूमध्ये मिळते. १९९१ साली तिथे कॉलरा आला. तीन लाखांवर रुग्ण झाले, परंतु पेरूने ते मोकळेपणाने सांगितले आणि मृत्यूदर एक टक्क्याच्या खाली ठेवला. बक्षीस काय मिळाले? इतर देशांनी त्याचे मासे आणि शेतमाल घेणे थांबवले, पर्यटक फिरकेनात, आणि नुकसान ७७ कोटी डॉलर्सच्या घरात गेले. बाकीच्या गरीब देशांनी धडा घेतला. इथिओपिया आणि सुदानने वर्षानुवर्षे आपल्या साथींना ‘तीव्र पाणीदार अतिसार’ म्हटले. झिम्बाब्वेत २००८ च्या डिसेंबरमध्ये, माणसे मरत असताना, रॉबर्ट मुगाबे यांनी देशात कॉलरा उरला नसल्याचे जाहीर केले. ती साथ संपली तेव्हा ९८ हजारांवर रुग्ण आणि चार हजारांवर मृत्यू नोंदले गेले होते. मुगाबे गोऱ्यांच्या सत्तेविरुद्ध लढलेले पुढारी, त्यांच्याविषयी आपल्या लोकांत एके काळी आदर होता. तरीही हे लिहिले पाहिजे. नळाला पाणी न देणारा राज्यकर्ता आपल्या रंगाचा आहे म्हणून जंतू सवलत देत नाही.

परंतु आकड्यांचे सर्वांत मोठे प्रकरण हैतीचे आहे, आणि प्रत्येक तरुण वकिलाने ते वाचावे. हैती म्हणजे काळ्या गुलामांनी फ्रेंच मालकांना हरवून १८०४ साली स्वतंत्र केलेला देश. तिथे जानेवारी २०१० मध्ये भूकंप झाला. ऑक्टोबरमध्ये आर्तिबोनित नदीकाठी कॉलरा फुटला. त्या देशात त्याआधी या रोगाची नोंद नव्हती. नदीच्या एका उपनदीच्या काठी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील नेपाळी तुकडीचा तळ होता आणि त्या तळाची घाण पाण्यात जात होती. फ्रेंच साथरोगतज्ज्ञ रेनो पियारू यांनी मागोवा घेत माग त्या तळापाशी नेला. पुढे जंतूंची जनुकीय तपासणी झाली, ती नेपाळमधल्या जंतूंशी जुळली. आठ लाखांवर लोकांना लागण झाली, सरकारी हिशेबाने दहा हजारांच्या आसपास मेले. दुर्गम भागांत तर माणसे मोजणारा पोचण्याआधीच पुरली गेली होती.

२०११ साली हैतीच्या पाच हजार पीडितांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे दावे दाखल झाले. २०१३ च्या फेब्रुवारीत उत्तर आले की हे दावे दाखल करून घेण्याजोगेच नाहीत. मग न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात खटला गेला. जानेवारी २०१५ मध्ये कोर्टाने तो फेटाळला, ऑगस्ट २०१६ मध्ये अपील फेटाळले गेले. कारण एकच, संयुक्त राष्ट्रांना कायदेशीर संरक्षण आहे. मेले कशाने हे सिद्ध, जंतू कोणाचा हे सिद्ध, तरी प्रतिवादीला कोर्टात खेचताच येत नाही! डिसेंबर २०१६ मध्ये बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली आणि ४० कोटी डॉलर्सची योजना मांडली. पैसे जमले ते त्यातला लहानसा हिस्सा. तीन वर्षे एकही रुग्ण न सापडलेल्या हैतीत ऑक्टोबर २०२२ मध्ये कॉलरा पुन्हा आला.

२०१७ साली जगाने ठरवले की २०३० पर्यंत कॉलऱ्याचे मृत्यू नव्वद टक्क्यांनी कमी करायचे. नव्वद टक्के कशाचे? सुरुवात धरली ती ९५ हजारांच्या अंदाजापासून. म्हणजे उद्दिष्ट साडेनऊ हजार. आणि देशांनी कळवलेले मृत्यू तर २०२४ मध्येच सहा हजार आहेत! मोजमाप कोणत्या पट्टीने करणार हे आधी लिहून घेतले नाही, तर २०३० साली एकही नळ न बसवता उद्दिष्ट गाठल्याचा समारंभ होऊ शकतो. दरम्यान लसीचा साठा इतका आटला की ऑक्टोबर २०२२ पासून साथीच्या ठिकाणी दोनऐवजी एकाच डोसवर भागवायचे ठरले. आपल्या हैदराबादेत बनणारी लस २०२३ अखेर बंद झाली, कारण कंपनीने उत्पादन थांबवले. गिऱ्हाईक गरीब असले की असेच होते.

आपल्या वस्त्यांपुरते बोलायचे तर कायदा अगदीच पांगळा नाही. रतलामच्या एका वस्तीतली माणसे उघड्या गटारांविरुद्ध दंडाधिकाऱ्याकडे गेली, तेव्हा नगरपालिकेने पैसा नाही असे सांगितले. १९८० साली सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी ही सबब फेकून दिली. ते कलम तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचे १३३ होते, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १५२ आहे. पण त्यासाठीही कागद लागतो. आणि कागदाची अवस्था अशी की २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस टक्क्यांनाच डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले होते. नेहमीच्या मृत्यू दाखल्यावर तर कारण छापतच नाहीत, १९६९ च्या कायद्यानेच ते वर्ज्य आहे. मात्र २०२३ च्या दुरुस्तीने मृत्यूचे कारण लिहिलेल्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावी लागते. ती मागून घ्या. वस्तीत दोन-तीन घरांत एकदम जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर प्रतिजैविक सुरू होण्याआधी शौचाचा नमुना तपासणीला पाठवा असा आग्रह धरा, अर्ज लेखी द्या आणि त्यावर पोच घ्या. पाण्याचा नमुना चार माणसांच्या देखत घेऊन पंचनामा करा. कार्यकर्त्यांनी सलाईन आणि रिक्षा यांची धावपळ करताना हेही एकाने अंगावर घ्यावे.

त्या बाईने केसपेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होता. अर्ज फेटाळल्यावर आम्ही तो परत दिला. तिने विचारले, “वकीलसाहेब, यात पटकी लिवलं असतं तर पैसं मिळालं असतं का?” आम्ही म्हणालो, निदान भांडता आले असते. तिने पिशवीला गाठ मारली आणि नळावर नंबर लागायचा आहे म्हणून निघाली. पाइपलाइन तेव्हाही नाल्यातूनच जात होती.